पायरीवरचे नाव

आमच्या धर्मग्रामात नव्या सभागृहाचे बांधकाम पुरे होत आले, तेव्हा धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक लहानसा वाद उपस्थित झाला. प्रवेशद्वाराशी जो संगमरवरी फलक बसवायचा, त्यावर कोणाची नावे असावीत? मोठ्या देणगीदारांची असावीत, असे काहींचे म्हणणे. मग लहान देणगीदारांनी काय पाप केले, असा इतरांचा सवाल. नावे कोणत्या क्रमाने, केवढ्या अक्षरांत, ह्यावरही बराच खल झाला. प्रमुख धर्मगुरू शांतपणे ऐकत होते. शेवटी मी उठलो. उभी हयात शिक्षकी पेशात गेलेल्या माणसाला बोलण्याची सवय असते आणि आपले बोलणे ऐकून घेतले जाईल अशी थोडी खात्रीही असते. मी म्हणालो, ‘‘फलकच नको. युरोपातील मध्ययुगीन कॅथीड्रल आठवा. पिढ्यान्‌पिढ्या राबून ज्यांनी ती उभी केली, त्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांनी देवासाठी काम केले आणि ते निघून गेले. आपणही तसेच करू या.’’

टाळ्या पडल्या. फलकाचा विषय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला आणि मी समाधानाने घरी आलो. ते समाधान फार दिवस टिकले नाही. का टिकले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

नाताळ आटोपल्यावर मी व माझी पत्नी रायगड पाहण्यास निघालो. पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाडकडे जाताना घाटाखाली वरंध हे गाव लागते. माझ्याबरोबर वीस वर्षे एकाच शाळेत शिकविलेले एक स्नेही मूळचे ह्या गावचे. त्यांच्याच घरी आमचा मुक्काम होता. त्यांच्या थोरल्या बंधूंना सारे गाव ‘दादा’ म्हणते. दादांनी आयुष्यभर गवंडीकाम केले. वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले, तरी आम्ही पोहोचलो तेव्हा ते परसातली, पावसाने ढासळलेली दगडी भिंत पुन्हा रचीत होते.

मी पाहत उभा राहिलो. भिंतीच्या दोन्ही तोंडांना दादा घडीव दगड लावीत आणि मधल्या पोकळीत डबर व कपच्या भरीत. मात्र थोड्या थोड्या अंतरावर ते एक लांब दगड आडवा घालीत. हा दगड भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाई. त्यासाठी ते ढिगातला सर्वांत उत्तम दगड निवडून काढीत. भिंतीत बसल्यावर त्याचे वीतभर टोक तेवढे बाहेर दिसे. मी म्हणालो, ‘‘दादा, एवढा चांगला दगड आत दडवून टाकलात!’’

ते हसले. ‘‘गुरुजी, भिंत ह्याच्याच जिवावर उभी राहते. हा नसला तर दोन्ही तोंडं सुटतात आणि भिंतीला पोट येतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. फरक कळतो तो पावसाला.’’

रात्री जेवणानंतर मी त्यांना कॅथीड्रलच्या बांधकामाविषयी सांगितले आणि बैठकीतले माझे वाक्य, थोड्या अभिमानाने, पुन्हा म्हणून दाखविले. त्यांना ते पटले नाही. ते म्हणाले, ‘‘नाव नव्हतं म्हणजे चांगलंच होतं, असं कसं म्हणता? नाव न सांगता चांगलं काम करणारा असतो, तसा नाव न सांगता पळून जाणाराही असतो. माझी भिंत पडली तर लोक माझ्याच दारात येतात. मला ते बरं वाटतं.’’

ह्या साध्या माणसाच्या बोलण्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही; मला ते सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महाडला आलो. ह्या शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी एक पाचमजली निवासी इमारत कोसळली आणि सोळा माणसे मृत्युमुखी पडली. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायसंस्थेचे काम आहे आणि त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दादांचे शब्द कानांत ताजे असताना त्या शहरातून जाताना एक विचार मनातून हटेना. कोणतीही इमारत म्हणजे शेकडो हातांनी केलेल्या हजारो लहान कृत्यांची बेरीज असते. वाळू चाळणे, सळया बांधणे, काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारणे, कागदावर सही करणे. ह्यांतले जवळजवळ काहीच शेवटी डोळ्यांना दिसत नाही. रंग दिला की चांगली भिंत आणि वाईट भिंत एकसारखीच. अशा वेळी ‘हे मी केले’ असे म्हणणारा कोणी नसणे, ही नम्रता म्हणायची की आणखी काही?

हाच प्रश्न मनात घेऊन आम्ही रायगड चढलो. राजसदर आणि बाजारपेठ पाहून जगदीश्वराच्या मंदिराशी आलो. जवळच शिवाजी महाराजांची समाधी आहे. मंदिराच्या आवारातील भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. महाराजांचा राज्याभिषेक ज्या वर्षी झाला त्या शके १५९६ चा, म्हणजे इ. स. १६७४ चा, उल्लेख त्यात असून गडावरील विहिरी, तलाव, बागा व राजवाडे ह्यांचे वर्णन आहे आणि हे काम करणाऱ्या हिरोजीचे नावही आहे. पण पाहणारे थांबतात ते तेथे नव्हे. ते थांबतात मंदिराच्या एका पायरीपाशी. त्या पायरीवर मराठीत एवढेच कोरलेले आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. आडनावाचे वाचन ‘इटळकर’ असेही करतात.

महाराजांनी बक्षीस मागण्यास सांगितले असता हिरोजीने फक्त एका पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली. दर्शनाला येताना महाराजांच्या पायांची धूळ त्या नावावर पडावी, एवढीच त्याची इच्छा होती, अशी आख्यायिका सांगतात. ती आख्यायिकाच आहे हे मान्य. पण पायरी तेथे आहे, अक्षरे तेथे आहेत, आणि सह्याद्रीचा काळा पाषाण टाकीला सहजासहजी दाद देत नाही. ही अक्षरे कोणी तरी कष्टाने कोरली आणि मुद्दाम पायरीवर कोरली. मी ती वाचली आणि बैठकीत मिळालेल्या टाळ्या आठवून ओशाळलो. येथे एक मनुष्य होता, ज्याने नाव पुसले नव्हते आणि मिरविलेही नव्हते. ही तिसरी वाट माझ्या भाषणात नव्हती.

घरी परतल्यावर मी कॅथीड्रलविषयीची माझी जुनी टिपणे व पुस्तके पुन्हा काढली. आपण सभेत सांगितले ते खरे होते काय, हे तपासणे प्राप्तच होते.

कॅथीड्रल म्हणजे बिशपांचे आसन, म्हणजेच ‘कॅथेड्रा’, ज्या मंदिरात असते ते धर्मप्रांताचे प्रधान मंदिर. गोव्याचे से कॅथीड्रल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १७७६ मध्ये त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला तो पुन्हा बांधला गेला नाही. परंतु मी ज्यांच्याविषयी बोललो होतो ती कॅथीड्रल त्याच्याही तीन-चार शतके आधीची, बाराव्या व तेराव्या शतकांतील फ्रान्समधली. त्यापूर्वीच्या मंदिरांना दगडी छताचा भार पेलण्यासाठी जाड भिंती व लहान खिडक्या ठेवाव्या लागत. ह्या काळातील स्थपतींनी टोकदार कमान, छताला दगडी फासळ्या आणि बाहेरून आधार देणारे कमानदार धिरे ह्या तीन गोष्टी एकत्र आणल्या. टोकदार कमानीमुळे भार बाजूला कमी आणि खाली अधिक जातो. फासळ्या तो ठरावीक खांबांवर आणून सोडतात. आणि जो रेटा तरीही बाहेर ढकलतो तो धिरे झेलून जमिनीत पोहोचवितात. भिंतीवरचा बोजा हलका झाला आणि तिच्या जागी रंगीत काचा बसविता आल्या. शार्त्र येथील कॅथीड्रल ११९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले, ते बहुतांशी एका पिढीच्या आत. त्याच्या खिडक्यांतून निळा प्रकाश आत उतरतो तेव्हा दगडाला वजन आहे हे क्षणभर विसरायला होते, असे पाहून आलेले सांगतात.

पण वजन असतेच, आणि त्याचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो. बोव्हे येथील बांधकाम करणाऱ्यांनी इतरांपेक्षा उंच जाण्याचा चंग बांधला. वेदीवरील छत सुमारे ४८ मीटर उंचीवर नेऊन त्यांनी १२७२ मध्ये काम पुरे केले. १२८४ मध्ये ते छत कोसळले. पुन्हा उभारताना दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घालावा लागला. पुढे १५६९ मध्ये तेथेच दीडशे मीटरहून उंच मनोरा चढविला गेला. चार वर्षांत, १५७३ मध्ये, तोही पडला. त्या कॅथीड्रलचा मुख्य मंडप आजतागायत बांधला गेलेला नाही. भक्ती कितीही थोर असली तरी खांबांतील अंतर चुकले तर देव ते अंतर भरून काढीत नाही, हा धडा त्या अपुऱ्या मंदिराने सात शतकांहून अधिक काळ दिला आहे.

आणि भिंती? ह्या महान मंदिरांच्या कित्येक जाड भिंती आणि खांब दोन्ही बाजूंनी घडीव दगड आणि मध्ये चुन्यात घातलेले डबर, असेच बांधलेले आहेत. हे वाचताना वरंधच्या परसातली भिंत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये दगडी छताच्या वर ओक लाकडाचा एवढा दाट सांगाडा होता की त्याला ‘अरण्य’ म्हणत. खाली आठ शतके मिस्सा झाल्या. पण प्रार्थनेला आलेल्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल? तरीही सुतारांनी प्रत्येक तुळई नीट घडविली होती.

आता नावांची गोष्ट. माझे विधान चूक ठरले ते येथे. हजारो मजुरांची नावे हरपली हे खरे, पण ती त्यांनी स्वतःहून पुसली असे म्हणायला आधार नाही. पुष्कळ पाथरवट आपण घडविलेल्या दगडावर स्वतःची खूण कोरीत. कोठे बाण, कोठे तारा, कोठे नुसत्या दोन छेदणाऱ्या रेषा. नगावर मजुरी ठरलेली असे, म्हणून कोणाचे दगड किती झाले हे त्यावरून कळे, आणि कोणाचा दगड वाईट निघाला हेही कळे. शार्त्रच्या रंगीत काचांच्या खालच्या भागांत संतांच्या चरित्रांच्या शेजारीच पाव भाजणारे, जोडे शिवणारे, सुतार व पाथरवट आपापल्या कामात गुंतलेले दाखविले आहेत. आमिएँच्या कॅथीड्रलच्या फरशीत चक्रव्यूहाची आकृती असून तिच्या मध्यशिळेवर १२८८ मध्ये बिशपांबरोबर तीन स्थपतींचीही नोंद झाली : रोबेर द ल्युझार्श, तोमा द कोर्मों आणि त्याचा पुत्र रेनो. रीम्सच्या फरशीतही अशाच चक्रव्यूहात चार स्थपतींची नावे होती. तो चक्रव्यूह १७७९ मध्ये उखडला गेला, पण जुन्या नोंदींमुळे नावे उरली.

फरशीत, म्हणजे पायांखाली! हिरोजीची पायरी मला पुन्हा भेटली ती अशी, सहस्रावधी मैलांवर.

बर्गंडीतील ओतँ येथील कॅथीड्रलच्या दारावर अंतिम न्यायाचे भव्य शिल्प आहे, सुमारे ११३० चे. त्यात न्यायासनावर बसलेल्या ख्रिस्ताच्या पायांखाली लॅटिनमध्ये तीन शब्द आहेत; अर्थ असा, की गिसलबेर्तुस ह्याने हे केले. हा शिल्पकार होता की आश्रयदाता, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणीही असो, आपले नाव त्याने न्यायाधीशाच्या पायांपाशी ठेवले, हे महत्त्वाचे. जणू तो म्हणत होता, ‘प्रभो, हे माझे काम. ह्याचा न्याय कर.’ पुढे १७६६ मध्ये ते शिल्प जुनाट वाटू लागल्याने त्यावर गिलावा चढविण्यात आला, आणि त्या गिलाव्याखालीच ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या मोडतोडीतून बचावले. १८३७ मध्ये ते पुन्हा उजेडात आले. मधली सत्तर वर्षे ते नाव कोणी वाचले नाही. त्यामुळे कामाचे काही कमी झाले नाही.

नावाची दुसरी तऱ्हाही त्या काळी होती, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचा मठाधिपती सूजे ह्याने आपल्या मंदिराची जी पुनर्रचना केली, ती नव्या शैलीची सुरुवात मानली जाते. त्याच्या नव्या भागाचे पवित्रीकरण ११४४ मध्ये झाले. सूजेने आपले नाव त्या मंदिरात अनेक जागी घातले, एका रंगीत काचेत आपली आकृतीही घातली आणि बांधकामाचा सविस्तर वृत्तान्त लिहून ठेवला. त्या वृत्तान्तात सोने, रत्ने, पाहुणे आणि समारंभ सारे आहे. ज्याने ते छत तोलले त्या मुख्य स्थपतीचे नाव मात्र नाही. सूजे थोर होता, भाविकही होता. तरीही हे वाचताना मला आमच्या बैठकीतला संगमरवरी फलक आठवला. आम्ही देणगीदारांच्या नावांवरून तासभर भांडलो. गवंड्याचे नाव कोणाच्या ओठांवर आले नव्हते. माझ्याही नाही.

मग आपला धर्म काय सांगतो? उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाझरेथच्या सुताराने घडविलेली एकही चौकट, एकही नांगर आज दाखविता येत नाही, हेही खरे. पण त्याच पवित्र शास्त्रात, निर्गमच्या पुस्तकात, निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेल आणि अहलियाब ह्या दोन कारागिरांची नावे खुद्द परमेश्वराने घेतली आहेत. प्रकटीकरणातील नव्या यरुशलेमच्या कोटाला बारा पाये आहेत आणि त्यांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. शिखरावर नव्हेत, पायावर. देणाऱ्याने आपले दान लपवावे. पण करणाऱ्याने आपली जबाबदारी लपवू नये. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी व्यासपीठावरून त्या एक करून टाकल्या होत्या. नावात पाप नाही. नाव कशाची मागणी करते, त्यात ते आहे. ‘माझे कौतुक करा’ असे म्हणणारे नाव वर चढते. ‘मला विचारा’ असे म्हणणारे नाव पायरीवर बसते.

१५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामला आग लागली आणि ओकचे ते ‘अरण्य’ जळून गेले, हे आपण दूरदर्शनवर पाहिले. नवा सांगाडा जुन्याच पद्धतीने, कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडांचा केला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर उपासनेसाठी पुन्हा उघडले. त्याच्या ९६ मीटर उंच मनोऱ्याच्या टोकावर जो सोनेरी कोंबडा १६ डिसेंबर २०२३ रोजी बसविण्यात आला, त्याच्या पोटात पवित्र अवशेषांबरोबर पुनर्बांधणीत राबलेल्या सुमारे दोन हजार माणसांच्या नावांची यादी ठेवली आहे. ती जागा पायरीच्या अगदी उलट टोकाला, पण भाव तोच. खालून ती नावे कोणालाही वाचता येणार नाहीत. मात्र ती कोणाची, हे लिहून ठेवलेले आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. आमच्या सभागृहाच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी तिघांची समिती नेमली होती. तिघांपैकी एक मी. बिलांवर सह्या करणे आणि काम पाहणे हे आमचे कर्तव्य होते. सह्या मी नियमाने केल्या. परांचीवर मात्र एकदाही चढलो नाही. गुडघे दुखतात हे खरे, पण तेच एक कारण नव्हते. आपण चढलो, काही वावगे दिसले आणि बोलावे लागले तर उगाच कटुता येईल, असे वाटे. पहिल्याच पावसाळ्यात सभागृहाच्या पश्चिमेकडील भिंतीला ओल आली. फार मोठे काही नाही, दुरुस्ती होईल. पण ती ओल पाहिल्यावर मला कळले, की ‘नावे नकोत’ हे माझे भाषण जितके नम्रतेचे होते, तितकेच सोयीचेही होते. ज्या भिंतीवर कोणाचेच नाव नाही, तिच्या ओलीबद्दल माझ्याही दारात कोणी येणार नव्हते.

पुढील बैठकीत मी माझी सूचना मागे घेणार आहे. नवी सूचना अशी : संगमरवरी फलक नको, देणगीदारांची नावे धर्मग्रामाच्या नोंदवहीत राहू द्यावीत आणि दरवर्षी एका मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. उंबरठ्याच्या आधीच्या पायरीवर साध्या अक्षरांत गवंडी, सुतार, सळया बांधणारे व कंत्राटदार ह्यांची नावे कोरावीत, आणि त्यांच्याखाली देखरेख समितीच्या तिघांची. माझे नाव सर्वांत शेवटी असावे. लोक त्यावर पाय देऊन आत जातील, आणि ज्यांना पश्चिमेकडच्या भिंतीविषयी विचारायचे असेल त्यांना कोणाच्या दारात जायचे तेही कळेल.

सूचना मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. दुरुस्तीचे काम येत्या आठवड्यात सुरू होत आहे. ह्या वेळी मी परांचीवर चढणार आहे.